‘जरासं’ म्हणजे किती? कारागिराचं ज्ञान, फझी लॉजिक आणि मालाचा दर्जा

(पहूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव पाहून तुमच्यातले काही जण घाबरले असतील. फझी लॉजिक! वॉशिंग मशीनवर चिकटवलेला शब्द. (हशा) पण मी आज मशीन विकायला आलेलो नाही. गेली काही वर्षं अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात एक मोठा विचार मांडला जातोय: अनुभवी कारागिराचं ज्ञान नियमांच्या रूपात घ्यायचं, ते या फझी लॉजिकमध्ये बसवायचं आणि मालाचा दर्जा यंत्राकडून सांभाळायचा. हा विचार मला आवडतो. मी स्वतः त्यावर थोडंफार काम केलंय. म्हणूनच त्यातलं मला काय पटतं आणि काय पटत नाही, हे तुमच्यासमोर मांडायचं आहे. नुसती स्तुती करायची तर माहितीपत्रक पुरे होतं, व्याख्यान कशाला?

आधी गोष्ट समजून घेऊ. पहूरहून फर्दापूरकडं निघालात, तर खान्देश कुठं संपतो आणि मराठवाडा कुठं सुरू होतो? नकाशावर रेघ आहे. पण माणसांच्या बोलीत तशी रेघ आहे का? नाही. बोली हळूहळू बदलत जाते. मधल्या गावातला माणूस थोडा इकडचा असतो, थोडा तिकडचा. १९६५ साली लोत्फी झादे नावाच्या प्राध्यापकांनी हीच गोष्ट गणितात आणली. जन्म बाकूचा, नोकरी अमेरिकेत बर्कलीला. ते म्हणाले, एखादी वस्तू गटात आहे किंवा नाही, एवढंच कशाला? ती ०.७ एवढी त्या गटात आहे, असं म्हणू द्या की! तेल ‘तापलं’ की ‘नाही तापलं’, एवढ्यावर स्वयंपाक होत नाही. तेल ‘बऱ्यापैकी तापलेलं’ असतं.

दहा वर्षांनी, १९७५ साली, एब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी लंडनला एका लहान वाफेच्या इंजिनावर ही कल्पना चालवून दाखवली. ममदानी टांझानियात जन्मलेले, भारतात शिकलेले. त्यांनी समीकरणं बाजूला ठेवली आणि इंजिन चालवणारा माणूस जसं बोलतो तसे वीस-पंचवीस नियम लिहिले: ‘दाब बराच कमी असेल आणि आणखी घसरत असेल, तर उष्णता खूप वाढव.’ इंजिन नीट चाललं. पुढं डेन्मार्कच्या लोकांनी सिमेंटच्या भट्ट्या या पद्धतीनं चालवल्या, आणि १९८७ साली जपानमधल्या सेंदाई शहरात मेट्रो सुरू झाली ती याच तत्त्वावर थांबत होती आणि सुटत होती.

आता खाण्याच्या पदार्थांकडं येऊ. तिथं ही कल्पना आणखीच चपखल बसते, कारण स्वयंपाकघराची सगळी भाषाच ‘जरासं’ची आहे. पाक एकतारी की दोनतारी? कुरडईचा चीक शिजला का? ओल्या बोटाला चिकटत नाही, म्हणजे शिजला. कोल्हापूरकडचा गुळव्या काहिलीतला रस थंड पाण्यात टाकतो, त्याची गोळी बोटांत फिरवतो आणि सांगतो, ‘आली, उतरवा.’ थर्मामीटर लावलात तर तो ११५ अंशांच्या आसपास काहीतरी दाखवेल, पण गुळव्या नुसतं तापमान बघत नाही. उसाची जात, रसाचा रंग, फेसाची जाडी हे सगळं तो एकदम बघतो. एका आकड्याला हे जमत नाही.

फ्रान्समध्ये नताली पेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली या सगळ्या कामाचा मोठा आढावा छापला. सॉसेज वाळवणं, चीज पिकवणं, बिस्किटं भाजणं. कारागीर नाकानं, डोळ्यानं, बोटानं जे जाणतो त्यालाही मोजमापाइतकाच मान द्या, असं या मंडळींचं म्हणणं. मला ते मनापासून पटतं. आपल्याकडं ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. ‘अडाणी माणूस, अंदाजानं करतो.’ फझी लॉजिकनं पहिल्यांदा भर सभेत सांगितलं की तो अंदाज म्हणजे अज्ञान नव्हे, ते बारीक मोजमाप आहे. एवढ्या गोष्टीसाठी मी झादेंना नमस्कार करतो.

आता माझ्या अनुभवाकडं येतो. केळीच्या वेफर्सचा एक लहान कारखाना. गाव सांगत नाही. तिथं कढईवर एक कारागीर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पंचवीसेक वर्षं त्याच कामात. मालकांचं म्हणणं, ‘सर, मामांचं वय झालं. त्यांचं डोकं मशीनमध्ये उतरवून द्या.’ हे वाक्य ध्यानात ठेवा, पुन्हा त्याकडं येणार आहे.

मी वही घेऊन बसलो. मामा, चकत्या कधी काढता? म्हणाले, ‘फेस बसला की.’ यात विज्ञान आहे हो! केळाच्या चकतीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, त्याचा तो फेस. पाणी संपत आलं की फेस बसतो, तडतड मंदावते. म्हणजे फेस हा ओलाव्याचा काटाच झाला. मी नियम लिहिले. समजा एका क्षणी फेस ‘मध्यम’ आहे ०.४ आणि ‘कमी’ आहे ०.६. रंग ‘पिवळा’ आहे ०.८. पहिला नियम: फेस मध्यम, तर जाळ तसाच ठेव. दुसरा नियम: फेस कमी आणि रंग पिवळा, तर जाळ दहा घर कमी कर. दुसऱ्या नियमात दोन अटी आहेत, त्यातली लहान धरायची, म्हणजे ०.६. आता दोन्ही नियमांचं वजन घालून सरासरी काढा: ०.४ गुणिले शून्य, अधिक ०.६ गुणिले दहा. उत्तर सहा. यंत्र जाळ सहा घर कमी करतं. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण रीत हीच. बघा, किती साधं आहे. दहावीच्या मुलालाही जमेल.

महिनाभर यंत्र छान चाललं. मी खूश, मालक खूश. मग थंडी पडली, आणि वेफर्स काळपट यायला लागले. फेसाचा नियम बरोबर होता, रंगाचा नियम बरोबर होता. तरी माल बिघडला. मामांना बोलावलं. त्यांनी कढईकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ टोपल्याकडं गेले, एक केळ मोडलं, चीक बघितला, चकतीचा चुरा जिभेवर ठेवला. म्हणाले, ‘सर, केळ बोलतंय. हे गोडाकडं झुकलंय.’

काय झालं होतं? कच्च्या केळात वीस ते पंचवीस टक्के स्टार्च असतो. पिकताना त्याची साखर होते, शेवटी स्टार्च एक-दोन टक्केच उरतो. साखर वाढली की तळताना ती अमिनो आम्लांशी जुळून तपकिरी रंग देते. त्या दिवसांत माल दोन-तीन दिवस पडून राहत होता आणि आतून वळायला लागला होता. सालीवरून कळत नव्हतं. मामा दररोज सकाळी केळ मोडून बघत आणि त्यावरून दिवसभराचा जाळ ठरवत. मग हा नियम त्यांनी मला का सांगितला नाही? मी विचारलं. ते म्हणाले, ‘तुम्ही कढईचं विचारलं होतं ना.’

(टाळ्या)

टाळ्या मामांना. हा माझा पहिला आक्षेप. ‘तज्ज्ञाचं ज्ञान काढून घ्यायचं’ असं आपण म्हणतो, जणू विहिरीतून बादली काढायची. पण माणूस जेवढं जाणतो तेवढं सांगू शकत नाही. मायकल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ साली यावर पुस्तकच लिहिलं. शिवाय कारागीर उत्तर देतो ते आपल्या प्रश्नाला. प्रश्न चुकला की नियम अर्धा राहतो. आणि अर्धा नियम यंत्रात गेला की तो पूर्ण असल्यासारखा रुबाब करतो. आकडे आले की माणसाला वाटतं, झालं शास्त्र.

दुसरा आक्षेप तपासणीचा. पुष्कळ ठिकाणी असं होतं: एका तज्ज्ञाला विचारून नियम करायचे, मग यंत्राचा निकाल त्याच तज्ज्ञाच्या निकालाशी ताडून बघायचा, आणि ‘नव्वद टक्के जुळतं’ असं लिहायचं. अहो, पेपर काढणारा तोच, तपासणारा तोच! मीही पहिल्या महिन्यात हेच केलं. खरी परीक्षा दुसऱ्या हंगामात होते, दुसऱ्या बागेच्या मालावर होते. आणि जिभेनं परीक्षा घ्यायची तर ज्याला यंत्राशी देणंघेणं नाही अशा माणसाची जीभ पाहिजे. ते खाणाऱ्याला विचारायचं राहूनच जातं.

तिसरा आक्षेप काळाचा. खान्देशात आधी बसराई केळी होती. नंतर उतिसंवर्धित ग्रँड नैन आली आणि बागा बदलल्या. घड वेगळा, साल वेगळी, पिकण्याची चाल वेगळी. जुना कारागीर नव्या केळाबरोबर शिकला. दोन-चार घाण बिघडले, मग हात बसला. यंत्राला ज्या दिवशी नियम दिले त्या दिवशीच त्याचं शिक्षण थांबतं. आणि मामांना घरी पाठवलं असेल, तर नवीन नियम विचारायचे कोणाला? ज्या झाडाचं फळ खायचं तेच झाड तोडण्यातला हा प्रकार आहे. ‘मामांचं डोकं मशीनमध्ये उतरवा’ या वाक्यातली खोट मला तेव्हा कळली.

आता चौथा आक्षेप. तुम्हा शेतकऱ्यांसाठी हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश सांगतो.

‘चांगला माल’ या शब्दाची हद्द कोण ठरवतं? फझी लॉजिकमध्ये प्रत्येक शब्दाचा एक आलेख असतो. कुठून ‘चांगला’ सुरू होतो आणि कुठं संपतो, हे कोणीतरी कागदावर काढतं. लेखात तो आलेख असा दिसतो की जणू निसर्गानंच काढलाय. पण तो काढणारा माणूस खरेदीदाराच्या बाजूला बसलेला असतो की विकणाऱ्याच्या? आलेख चार बोटं सरकवला की कुणाचा तरी माल खालच्या वर्गात जातो.

आपल्या केळीच्या बाजारात रोज भाव निघतो: नवती, पिलबाग, वापसी. ‘वापसी’ हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या पोटात काय होतं ते मला सांगायला नको. (सभागृहात हुंकार) एका घडाला वापसी म्हटलं आणि शेजारच्या घडाला नाही म्हटलं, तेव्हा त्या दोघांत खरा फरक केवढा असतो? नखाएवढा. भावात फरक केवढा? ते तुम्हाला माहीत.

आता गंमत बघा. समजा उद्या खरेदी केंद्रावर कॅमेरा आला, फझी लॉजिक आलं. यंत्र आत म्हणेल, ‘हा घड ०.५१ एवढा चांगला आहे, तो ०.४९.’ आतमध्ये सगळं मऊ, सगळं समंजस. पण शेवटी पावती निघते तेव्हा? ०.५१ ला पूर्ण भाव, ०.४९ ला वापसी! म्हणजे मोजताना फझी आणि पैसे देताना कुऱ्हाड. मग झादेंचं नाव कशाला घ्यायचं? आधी शेतकरी व्यापाऱ्याशी निदान भांडू तरी शकत होता. आता व्यापारी म्हणेल, ‘दादा, मी काय करू, कॉम्प्युटर सांगतोय.’

माझं म्हणणं असं की फझी लॉजिकचा खरा प्रामाणिकपणा पावतीवर दिसला पाहिजे. हे अशक्य आहे का? मुळीच नाही. तुम्ही रोज डेअरीत दूध घालता ना? फॅट आणि एसएनएफ मोजतात, आणि पॉइंटाप्रमाणे दर वर-खाली होतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरला जातो, त्यापुढं पायरी-पायरीनं हिशेब. त्या पद्धतीतही भांडणं आहेत, काट्यावर संशय आहे, हे मला माहीत आहे. पण एक पॉइंट कमी म्हणून सगळं दूध ‘वापसी’ होत नाही. दर्जा उताराचा असेल तर भावही उताराचा पाहिजे. माल मोजणाऱ्या यंत्रात फझी लॉजिक आणि दरपत्रकात ‘हो की नाही’, ही लबाडी आहे. ती तंत्रज्ञानाची नाही, व्यवहाराची आहे. पण तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांनी तिकडं डोळेझाक करू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकांगी ठरेन. काही गोष्टी फझी असता कामा नयेत. कार्बाइडनं फळ पिकवायला कायद्यानं बंदी आहे. तिथं ‘थोडंसं कार्बाइड’ असं काही नसतं. पिकवणगृहात इथिलीन चालतं, पण त्यालाही १०० पीपीएमची मर्यादा घातलेली आहे. तळणाच्या तेलाचंही तसंच. २०१८ च्या जुलैपासून नियम आहे की तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. एक मालक मला म्हणाले होते, ‘सर, तेलाचा नियमपण जरा फझी करता येईल का?’ (मोठा हशा) मी म्हटलं, साहेब, खुसखुशीतपणा फझी आहे, खाणाऱ्याचं आरोग्य नाही. चवीच्या प्रांतात उतार असावा, आरोग्याच्या प्रांतात भिंत. हे दोन प्रांत ओळखता आले पाहिजेत. ज्याला ओळखता येत नाहीत त्याच्या हाती हे हत्यार देऊ नये.

मग करायचं काय? यंत्र फेकून द्यायचं? नाही. कढईसमोर आठ-आठ तास उभं राहणं काय असतं ते मी पाहिलंय. मामांचे हात पाहिलेत. जाळ सांभाळण्याचं काम यंत्रानं जरूर करावं. पण माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली, नियम कामगाराच्या भाषेत भिंतीवर लावा. फझी लॉजिकचं मोठेपण हेच की त्याचे नियम माणसाला वाचता येतात. मग ते लॅपटॉपमध्ये कुलूपबंद का? ‘फेस कमी आणि रंग पिवळा, तर जाळ कमी’ हे कढईवरच्या पोरीला वाचता येतं, आणि चुकलं असेल तर तिला सांगताही येतं.

दुसरी, यंत्राला थांबवण्याचा अधिकार कारागिराकडं राहू द्या. त्यानं थांबवलं की कारण वहीत लिहा. माझ्या मते ती वही म्हणजे पुढच्या हंगामाचे नियम. मामांनी ‘केळ गोडाकडं झुकलंय’ म्हटलं, त्यातून आम्ही सकाळची केळ-तपासणी नियमात घातली. त्यानंतर माल सुधारला. यंत्र हुशार झालं नव्हतं, आम्ही विचारायला शिकलो होतो.

तिसरी मागणी नावाची आहे. माझ्या त्या वेळच्या अहवालात मी मामांचा उल्लेख कसा केला होता, सांगू? ‘तज्ज्ञ क्रमांक १.’ पंचवीस वर्षांचं ज्ञान आणि नाव काय, तर क्रमांक १. अहवालावर माझं नाव मात्र ठळक. आज मला त्याची लाज वाटते.

आपल्या खान्देशाला तर हे कोणी शिकवायला नको. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर जे सुचलं ते त्यांच्या तोंडी होतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी ते टिपून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं. पुस्तकावर नाव कोणाचं? टिपून घेणाऱ्याचं नाही, बहिणाबाईंचं! न शिकलेल्या माणसाचं ज्ञान कसं उतरवून घ्यावं आणि त्याचं श्रेय कसं राखावं, याचा धडा आपल्या घरातच आहे. इंजिनिअरांनी तो वाचलेला नाही, एवढंच.

मी मामांना म्हटलं होतं, भाषणात तुमचं नाव घेतो. ते म्हणाले, ‘भाषणात नको सर. मशीनवर टाका. आणि पगारात.’ (हशा, टाळ्या) म्हणून आज नाव घेतलं नाही. पण त्या शेवटच्या दोन शब्दांवर मालकांनी, इंजिनिअरांनी आणि या विषयावर लेख लिहिणाऱ्या सगळ्यांनी विचार करावा, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

(व्याख्यानानंतर एका ताईंनी प्रश्न विचारला: ‘सर, आमचा पापडाचा बचत गट आहे. आमच्याकडं मशीन घ्यायला पैसे नाहीत. मग आम्हाला याचा काय उपयोग?’)

ताई, तुमचा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा चांगला आहे. मशीन नका घेऊ. एक वही घ्या. गटात ज्या मावशींच्या हातचं पीठ कधी बिघडत नाही, त्यांच्याजवळ बसा. त्या ‘जरा घट्ट’, ‘बेताचा खार’ म्हणतील, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मग विचारा, पावसाळी हवा असली तर काय बदलता? उडीद नवा असला तर? फक्त पिठाचं विचारू नका, मी ती चूक केलीय. आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या मावशींचं नाव लिहा. उद्या कोणी मोठा उद्योजक तुमच्याकडं ‘ज्ञान’ घ्यायला आला, तर ती वही समोर ठेवा आणि आधी भाव ठरवा.